बिनकोटाची तसबीर

रविवार, ८ डिसेंबर २०२४
वाडी, ता. पाथर्डी

पंकजा,

पत्राची सुरुवात आशीर्वादानं करतात. पण परवा जीपमध्ये बसताना तू माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलंस, त्यावरून माझे आशीर्वाद पुणतांब्याला पोचले तरी तू ते उसाच्या वाढ्याच्या पेंढीत बांधून बैलापुढं टाकशील असं दिसतंय. तेव्हा ते राहू देत.

फोन करून बघितला. तो कल्याणराव उचलतात, "ती फडात हाय" म्हणतात आणि ठेवतात. एका बाईनं सकाळी, दुपारी आणि दिवस मावळतानाही फडातच असावं, हे ऊसतोडीत अशक्य नाही, म्हणून मेहुण्याशी वाद घातला नाही. शेवटी पत्र लिहायला घेतलं. बजरंग जीप घेऊन आठवड्याला त्या बाजूला येतो, त्याच्या हाती देतोय. तू दहावीपर्यंत शिकलीस आणि मग कोयता हातात घेतलास, पण वाचायचं विसरली नसशील.

तू आलीस, आबांना बघितलंस, मला बोललीस आणि गेलीस. मधलं काही ऐकून घेतलं नाहीस. ते आता ऐक.

तुझ्या भावानं आजवर मेलेली माणसं रंगवून पोट भरलं, हे तुला ठाऊक आहे. लोक बारकासा फोटो आणतात, कधी रेशनकार्डावरचा, कधी कुणाच्या लग्नातल्या घोळक्यातला, आणि म्हणतात, "पेंटर, जरा मोठं करा, डोळे उघडा, आन् कोट घाला." कोट प्रत्येकाला. जन्मात ज्यानं बंडीवर काही घातलं नाही, तो माझ्या हातून कोट घालूनच वर जातो. आपल्याकडच्या भिंती बघून परक्या माणसाला वाटेल, या माळावर पूर्वी नुसते बॅरिस्टर राहत होते.

मग बन्सीचं फ्लेक्सचं मशीन आलं. कोट तोही घालतो, शिवाय मागं हिमालय देतो. हिमालयाशी माझा ब्रश काय झगडणार? जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा वाटलं, आता दुकानांच्या पाट्या नव्यानं रंगवायला माणसं येतील. ब्रश धुऊन बसलो. सगळ्यांनी बन्सीकडून स्टिकर करून आणले आणि जुन्या पाटीवर चिकटवले.

तर यंदा दिवाळीनंतर तुमचे ट्रॅक्टर गेले, वाडी रिकामी झाली आणि मी ठरवलं, मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना समोर बसवून रंगवायचं. जिवंत, बिनकोटाचे, आहेत तसे. आणि त्यांच्या वस्तू. बंद घराचं कुलूप, पालथी घातलेली घागर, भागूबाई चुलतीचं तंबाखूचं डबडं. नगरला कुठल्याशा हॉलमध्ये मांडू, असा विचार होता. विचाराला हॉलचं भाडं पडत नाही.

आबा बसायला तयार नव्हते. म्हणाले, "भितीला फोटू लागला म्हंजी मानूस गेलं." मी म्हटलं, "मी कोटच घालत नाही, मग तुम्ही जाल कसे?" ते त्यांना पटलं. पटका बांधून खाटेवर बसले. चित्र चांगलं झालं. असं मी सहसा म्हणत नाही आणि तू तर नाहीच म्हणणार, पण झालं होतं. त्यांचा तो खालचा ओठ, काहीतरी बोलायचं राहून गेलंय असा, तो इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला धरता आला.

रंग वाळेपर्यंत ते पुढच्या खोलीत भिंतीला टांगलं. खाली ठेवलं तर कोंबड्या त्यावरून चालतात. एवढंच कारण होतं. यात माझा दुसरा काही हेतू होता असं तुला वाटत असेल, तर माझ्या डोक्याला तू फारच मान देतेस.

आबा बाजाराला गेले, मी दुकानावर गेलो. चुलती ताक मागायला आली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिला खाट रिकामी दिसली आणि भिंतीवर आबा दिसले. जित्या माणसाला कुणी भिंतीवर लावत नाही, हे कळायला डोळे कशाला लागतात? तिनं दारातला झेंडू तोडला, दोऱ्यात ओवला, हार घातला, गंध लावलं आणि मग बाहेर येऊन गळा काढला.

त्याच वेळी बन्सी रस्त्यानं चालला होता. त्यानं आत डोकावून मोबाईलवर फोटो काढला आणि चुलतीला पाणी द्यायच्या आधी स्टेटस टाकलं. 'सहादेव आबा, भावपूर्ण श्रद्धांजली.' मागं हिमालय. ते फिरत फिरत तुमच्या टोळीत आलं. मला कुणीच विचारलं नाही. ज्याचा बाप मेला त्याला काय विचारायचं? अशा वेळी माणसं भारी समजूतदार होतात. मला कळलं तेव्हा तू जीपमध्ये होतीस आणि मोबाईल तिकडं कल्याणरावांकडं राहिला होता.

पुढचं तुला माहीत आहे. तू पदर तोंडाला लावून दारात आलीस आणि आबा स्वतःच्या हार घातलेल्या चित्राखाली बसून शेव खात होते. "अगं पंके, आज कशी काय?" म्हणाले. तू उंबऱ्यावर बसलीस. मला वाटलं हसतेयस. मग मला अंगणात घेऊन जे बोललीस ते मी ऐकून घेतलं. ते इथं परत लिहीत नाही.

आबा ठणठणीत आहेत. जेवण जरा कमी झालंय, पण थंडीही पडलीय. काळजी नको.

आदिनाथदादा


रविवार, २२ डिसेंबर

पंकजा,

बजरंग म्हणाला, "दिली चिठ्ठी. वाचली आन् चुलीपशी ठिवली." चुलीपाशी म्हणजे शेजारी की आत, हे मी विचारलं नाही. माणसानं सगळंच विचारू नये.

बन्सीनं त्या दिवशी फ्लेक्सही छापला होता. स्टँडजवळच्या खांबाला लावला होता. मी म्हटलं, "काढ तो. आबा चहाला येतात तिथं." तर म्हणाला, "दादा, मी छापतो. काढायचं काम माझ्याकडं न्हाई." वर म्हणाला, "पन चित्र झकास हाय तुमचं. लोकं इचारत्यात, कुनी काढलं." बघ, पहिल्यांदा माझ्या चित्राची चौकशी झाली, ती अशी.

दोन दिवसांनी फ्लेक्स खांबावरून नाहीसा झाला. मी खूश. मग आबा सकाळी ओढ्याकडं गेले आणि त्यांना कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीवर तो पांघरलेला दिसला. वर दगड ठेवले होते. वारा शिरला की आबांचं तोंड फुगायचं आणि बसायचं. ते बराच वेळ तिथं उभे होते. मी त्यांना शोधत गेलो तर म्हणाले, "चांगलं हाय. कडबा भिजनार न्हाई."

घरी येऊन पडले, ते पडलेच. चहा घेतात. भाकरी कुस्करतात आणि ठेवतात.

काल मला विचारलं, "पंकीला मुकादमानं कसं सोडलं?"

म्हटलं, "तुम्ही गेलात म्हणून सोडलं."

"आन् पुन्ना सोडील का?"

"मला काय माहीत?"

"मला हाय म्हाईत. म्या बी तोडलाय ऊस. घरचं मानूस गेलं तर येकदा जाया मिळतं. दुसऱ्यांदा इचारलं की मुकादम म्हनतो, तुजी मानसं लईच मरत्यात."

हे बोलून ते हसले. मीही हसलो.

चित्र उतरवतो म्हटलं, तर नको म्हणाले. "ऱ्हाऊ दे आता. पुन्ना कुठं चढवत बसतो." हार मात्र मी तू गेलीस त्याच दिवशी काढला. चुलतीला ते आवडलेलं नाही. तिचं म्हणणं, एकदा घातलेला हार सुकेपर्यंत काढत नाहीत.

आदिनाथदादा


शनिवार, ११ जानेवारी २०२५

पंकजा,

पहिल्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नाही. लिहिली असती तर तू तिकडं फडात बसून रडली असतीस, असं मला वाटलं. किंवा रडली नसतीस, आणि तेही मला सोसलं नसतं. आता लिहितो, कारण गोड बोलून हे निभत नाही.

तू अंगणात मला म्हणालीस, "आता खरंच गेलं तरी मला कळवू नको, दादा. कोयता अर्धा टाकून मी दुसऱ्यांदा यायची न्हाई." खिडकी उघडी होती. चित्र वाळावं म्हणून मीच उघडली होती. आबा खिडकीच्या आतल्या अंगाला बसले होते.

त्यांनी ऐकलं.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यातलं एक उठलं की उरलेलं मोळी बांधणार की तोडणार? तू आलीस त्या दिवशी कल्याणराव एकटे तोडत होते आणि मुकादम बांधावर उभा राहून त्यांना काय काय बोलला असेल, ते मला इथून ऐकू येतं. आणि इकडं येऊन बघावं तर बाप शेव खातोय. माणसाला राग येणार. बाप मेला नाही याचा राग आला, म्हणून त्या रागाचाही राग आला असणार. तू माझी बहीण आहेस, तुझ्या डोक्यात काय चालतं ते मला थोडंफार कळतं.

मी त्यांना सांगितलं, "ती रागात बोलली."

ते म्हणाले, "रागात न्हाई. खरं बोलली. तिच्यालेखी माजं जानं झालं. येऊन गेली ती."

त्यांचा हिशोब सरळ आहे. लेक बापाच्या मरणाला एकदा येते. ते येणं खर्ची पडलं, बाप शिल्लक राहिला. आता शिल्लक राहिलेल्या बापानं कुठल्या तोंडानं जायचं?

पाथर्डीला डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले, वय आहे म्हणाले, लाल रंगाचं टॉनिक दिलं. आबांनी बाटली उजेडात धरून बघितली आणि मला दिली. "रंगात टाक तुज्या."

तू विचारशील, दादा, तू काय करतोस? मी चित्रं काढतो. दुसरं मला काय येतं? ताटातली भाकरी काढली. सकाळी ठेवलेली भाकरी दिवस मावळेपर्यंत तशीच राहते, कडा तेवढ्या वर वळतात. हलत नाही, कंटाळत नाही, चहा मागत नाही. स्थिरचित्राला यापेक्षा चांगलं मॉडेल मिळायचं नाही. बाप जेवत नाही आणि हा भाकरी रंगवतो, असं म्हणून तू थुंकशील. थुंक. पण मी ते ताट उचलून कोंबड्यांना टाकण्याआधी कुणीतरी नीट बघायला हवं होतं, असं मला वाटलं. बाकी बघणारं घरात कोण आहे?

येऊ नको. मी बोलवत नाहीये. कल्याणरावांच्या फोनवरून एकदा फोन कर आणि नुसतं "आबा" म्हण. माझ्याशी बोलू नको हवं तर. मी फोन त्यांच्या कानाला लावून बाहेर जाईन, खिडकीपासूनही लांब जाईन.

आदिनाथदादा


सोमवार, ३ फेब्रुवारी

पंकजा,

तू फोन केला नाहीस.

मागच्या शनिवारी आबा आपण होऊन उठले. अंघोळ केली, धुतलेलं धोतर मागितलं, पटका बांधला. म्हणाले, "तिला येता येत न्हाई तर आपुन जाऊ. जित्या मानसानं जायाला मुकादमाची परवानगी लागत न्हाई." या विनोदावर मी इतका खूश झालो की त्यांना उभं राहताना भिंत धरावी लागतेय, हे बघितलंच नाही.

बजरंगची जीप घेतली. बजरंग संक्रांतीपासून तुमच्याकडं आला नव्हता, पण म्हणाला, "कारखाना चालू हाय म्हंजी टोळी तितंच. कुठं जाती?" आबांना पुढं बसवलं. नगर गेलं, तिथून पुढं हिरवं सुरू झालं. आबा काचेला नाक लावून बघत होते. एकेक फड दाखवून बजरंगला सांगत होते, हा अमुक साली तोडला, हितं विंचू चावला, हितं पंकी रांगायला लागली. बजरंग म्हणाला, "आबा, तुमी तर निम्मा जिल्हा तोडला की." "व्हय," म्हणाले, "आन् येक गुंठा बी माजा न्हाई."

राहात्याला बजरंगनं पेरू घेतले. आबांनी एक पेरू अर्धा खाल्ला. पंकजा, महिनाभरात त्यांनी दातांनी काही तोडलेलं मी बघितलं नव्हतं. अर्धा त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधला. तुझ्यासाठी.

पुणतांब्याच्या अलीकडं तुमचा तळ. राहायच्या कोप्या नव्हत्या. जमिनीवर नुसते चौकोन होते, कोप्यांच्या आकाराचे, मधली माती गुळगुळीत. पाचट जाळलेलं. एक तुटकी चप्पल, दोऱ्या, फुटकं टमरेल. शेतमालक मोटारसायकलवरून चालला होता, त्याला थांबवलं. म्हणाला, "टोळी नदीपलीकडं गेली की. आठवडा झाला आसंल." कुठल्या गावाला? "ते मुकादमाला ठाव." मुकादमाचा फोन लागेना. कल्याणरावांचा बंद.

टोळी हलते तेव्हा घरी कळवावं, असं तुझ्या मनात आलं नसेल. किंवा आलं असेल. मी दोन्ही धरून चालतो.

बजरंग म्हणाला, नदी ओलांडून शोधू. आबांकडं बघितलं तर त्यांचा रंग उतरला होता. नको म्हणाले. खाली उतरले आणि त्या चौकोनांमधून काठी टेकत फिरायला लागले. मला वाटलं लघवीला जागा बघतात. एका चुलीपाशी थांबले. तीन दगड, जरा राख. दगड बाकीच्या चुलींपेक्षा उलट्या अंगाला वळवलेले, डाव्या हातानं जळण सारायला सोपं पडावं असे.

"ही पंकीची," म्हणाले. "तिच्या आयनं लई मारलं, पर हात बदलला न्हाई."

बसले तिथं. सोग्यातला पेरू सोडून एका दगडावर ठेवला. राखेत बोट घालून बघितलं, जसं काही ऊब असेल. मी जीपमधून वही आणि कोळसा आणला आणि काढायला लागलो. तेवढा वेळ ते हलले नाहीत. बजरंग लांब उभा राहून तंबाखू मळत होता.

"काय काढतो?" आबांनी विचारलं.

"चूल."

"पेरू बी घे त्यात."

घरी आल्यावर मी ते रंगात केलं. छोटंच आहे. तीन दगड, राख, अर्धा पेरू. वाळल्यावर त्यांना दाखवलं. खूप वेळ धरून बसले. मग मी ते घेऊन खिळ्याला लावायला निघालो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. अंगात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"भितीला न्हाई," म्हणाले. "जिती हाय ती."

आता ते त्यांच्या खाटेशेजारी जमिनीवर आहे. पेटीला टेकवून. रात्रंदिवस तिकडं तोंड करून पडलेले असतात. मी माझ्या आयुष्यात केलेलं हे एकच चित्र असेल की जे कुणीतरी खरंच बघतंय. याचा आनंद व्हायला हवा. तो कुठं होतो ते शोधतोय.

दूधही नको म्हणतात आता. पाणी चमच्यानं देतो.

बजरंगचं त्या बाजूला येणं बंद झालंय. हे पत्र तो कारखान्याच्या वजनकाट्याजवळच्या चहावाल्याकडं पोचवायची व्यवस्था करतो म्हणाला. तुमचा ट्रॅक्टरवाला तिथं चहाला थांबतो. त्यानं दिलं तर मिळेल.

आदिनाथदादा


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

पंकजा,

आबा काल सकाळी गेले.

तू कळवू नको म्हणाली होतीस. परवा ते स्वतःही म्हणाले, "पंकीला आत्ताच सांगू नको. कारखान्याचा पट्टा पडू दे, हंगाम सरू दे. मोकळी झाली की सांग." तुम्हा दोघांचं इतकं एकमत आधी कधी झालेलं मला आठवत नाही. मी दोघांचंही ऐकलं नाही. सगळ्यांत आधी तुलाच फोन केला.

कल्याणरावांनी उचलला. मी म्हटलं, "आबा गेले."

ते म्हणाले, "परत?"

त्यांना बोल लावू नको. आवाजात चेष्टा नव्हती. त्यांनी खरंच विचारलं. मग तेच म्हणाले, "दादा, मला खरं वाटतंय. पन मी मुकादमाला काय दाखवू? त्यो म्हननार, हिचा बाप दर दोन म्हयन्याला मरतो. तुमी असं करा, फोटू पाठवा. बघितल्यावर त्याला बी बोलता येनार न्हाई."

मी रंगवलेलं तोंड बघून सगळ्या तालुक्यानं त्यांना मेलेलं मानलं, तेव्हा ते बाजारात शेव घेत होते. आता ते समोर पडले होते आणि त्याला पुरावा लागत होता. सगळा जन्म मी मेलेल्यांचे डोळे उघडून दिले. या वेळी मिटलेले दिसायला हवे होते. खिडकीतून उजेड चांगला येत होता. हे माझ्या मनात आलं, ते लपवत नाही. फोटो काढला, व्हॉट्सॲपवर पाठवला. एक खूण आली. दुसरी आली नाही. फडात बोलण्यापुरती रेंज असते, फोटोपुरती नसते, हे मला नंतर बजरंगनं सांगितलं.

बन्सीला फोन केला. तो म्हणाला, "नक्की ना, दादा? मागच्या टायमाला माझी लई शोभा झाली." या वेळी त्यानं स्टेटस टाकलं नाही. आधी स्वतः आला, आबांच्या पायाला हात लावून बघितला, मग बाहेर जाऊन उभा राहिला. तरी मोबाईल खिशातच ठेवला. धडा घेतला त्यानं, पण नको त्या दिवशी.

चुलती आली. आबांच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. नंतर भिंतीला टेकून बसली. बजरंग म्हणाला, "चुलते, रडून घे." तर म्हणाली, "एकदा रडले की भाऊजींसाठी. आता कुठून आनू?"

बाकी कुणी आलं नाही. येणारे सगळे ऊस तोडतायत, आणि ज्यांना फोन लागले त्यांनी "बरं, बघतो" म्हटलं. त्यांच्या "बघतो"चा अर्थ मला कळला. खांद्याला मी, बजरंग आणि बन्सी. चौथा वाडीत असा नव्हता की जो ओढ्यापर्यंत चालू शकेल. मग बजरंगनं जीपची मागची बाकडी काढली. त्याच जीपनं ते गेले, पण या खेपेला पुढं बसून नाही.

आम्ही थांबलो होतो. ऊन कलेपर्यंत थांबलो. बन्सी म्हणाला, "दादा, अंधाराच्या आत उरकायला पायजे." मी म्हटलं, "जरा." तो म्हणाला, "कुनाची वाट बघायची?" मी मोबाईल बघितला. खूण एकच होती.

अग्नी दिला.

आज सकाळी दुसरी खूण आली. दुपारी दोन्ही निळ्या झाल्या. कुणी बघितलं, तू की कल्याणराव की मुकादम, ते खुणेवरून कळत नाही. मी परत फोन केला नाही. काय म्हणू? आलीस तर कशाला येशील? आबांना बघायला? त्यांना तू बघितलंस त्या दिवशी ते तुला बघून हसले होते, तेवढं धरून ठेवायला माझी ना नाही.

दहाव्याला ये, असं लिहीत नाही. तुझा कोयता अर्धा करायचा मला हक्क नाही, आणि आता इकडं कुणाला घाई नाही.

घरात रेंज येते आणि जाते. गावात सलग फक्त पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर असते. सकाळपासून तिथंच बसून आहे, हे पत्रही तिथंच लिहितोय. चुलती मघाशी भाकरी घेऊन आली आणि म्हणाली, "हितं का बसलाय रे उन्हात?" म्हटलं, "हवा चांगली आहे."

आदिनाथ